'पहिल्या फेरीत गारद' एवढ्याने कारकीर्द सांगून होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माजी टेनिसपटूंविषयी छापून येणाऱ्या छोट्या टिपणांत, मग ती सत्काराची बातमी असो की निधनवार्ता, एक वाक्य ठरलेले असते : 'व्यावसायिक टेनिसमध्ये त्यांना फारसे यश मिळाले नाही, ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या फेरीपुढे त्यांची मजल गेली नाही.' फारसे नाव न झालेल्या खेळाडूची दहा-पंधरा वर्षे या एका वाक्यात आटोपतात. वाक्य खोटे नसते, पण त्यावरून त्या खेळाडूने काय केले याचा वाचकाला काहीच पत्ता लागत नाही. टेनिसचे ड्रॉ (कोणाची गाठ कोणाशी, याचे तक्ते), क्रमवारी आणि निकाल नेमाने नोंदवणाऱ्या आम्हा काही वाचकांना वाटते की ही नोंद वाचायची कशी, हे एकदा सविस्तर मांडावे. आपल्या क्रीडा विभागालाही ते उपयोगी पडेल.

मुळात पहिल्या फेरीत पोहोचायला काय लागते ते पाहा. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. पुरुषांच्या ड्रॉमध्ये त्यांतल्या १०४ जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो, १६ जण पात्रता फेरीतून येतात आणि ८ जणांना आयोजक वाइल्ड कार्ड, म्हणजे आपल्या पसंतीने प्रवेश, देतात. शिवाय प्रवेशासाठी धरली जाते ती स्पर्धेच्या दिवशीची क्रमवारी नव्हे, तर सुमारे सहा आठवडे आधीची. विम्बल्डनची यादी ठरते तेव्हा क्लेचा, म्हणजे मातीच्या कोर्टांचा, मोसम ऐन भरात असतो. ज्याचा खेळ गवतावरच खुलतो त्याचा क्रमांक नेमका त्याच वेळी घसरलेला असू शकतो. जगात १२० वा असलेला खेळाडू बहुधा थेट आत येत नाही. तो पात्रता फेरी खेळतो. तिथे पुन्हा १२८ जण, सलग तीन सामने जिंकायचे आणि १६ जागा. म्हणजे पात्रता फेरीतून आलेला खेळाडू 'पहिल्या फेरीत हरला' तेव्हा तो त्या स्पर्धेतला त्याचा चौथा सामना असतो, आणि आधीचे तीन त्याने जिंकलेले असतात. समोर मात्र बहुतेक वेळा ताज्या दमाचा, वरच्या क्रमांकाचा प्रतिस्पर्धी असतो.

म्हणून ड्रॉच्या कागदावर नावाशेजारी छापलेली अक्षरे आधी पाहावीत. क्यू म्हणजे पात्रता फेरीतून आलेला. डब्ल्यूसी म्हणजे वाइल्ड कार्ड. एलएल म्हणजे लकी लूजर : पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेला, पण ऐनवेळी कोणी माघार घेतल्याने आत घेतलेला. पीआर म्हणजे दुखापतीमुळे राखून ठेवलेल्या क्रमांकावर आलेला. एसई म्हणजे आदल्या आठवड्यात दुसऱ्या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात खेळत असल्याने पात्रता फेरीला पोहोचू न शकलेला, आणि म्हणून थेट घेतलेला. हे अक्षर दिसले की आदला आठवडा त्या खेळाडूला चांगला गेला असे समजावे. वाइल्ड कार्डवर हरलेला आणि तीन सामने जिंकून हरलेला, दोघांच्याही नावापुढे 'पहिली फेरी' असेच लागते. बातमीदाराने तेवढे अक्षर वाचले तरी निम्मे काम होते.

दुसरी मोठी फसगत जय-पराजयाच्या आकड्यात आहे. अधिकृत नोंदीत एखाद्याच्या नावापुढे ३ विजय आणि ९ पराभव दिसतात, आणि लिहिणारा म्हणतो की याने कारकिर्दीत तीनच सामने जिंकले. तो आकडा फक्त टूर पातळीचा असतो : ग्रँड स्लॅम, एटीपी टूरच्या (पुरुषांच्या वरच्या पातळीच्या) स्पर्धा आणि देशांच्या संघांमधला डेव्हिस कप, तेही मुख्य ड्रॉमधलेच सामने. एटीपी टूरच्या खालोखालच्या चॅलेंजर स्पर्धा त्यात नाहीत, त्याखालच्या आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा नाहीत आणि पात्रता फेरीही नाही. दोनशे-तीनशेच्या आसपास दहा वर्षे काढलेल्या खेळाडूने शेकडो सामने खेळलेले असतात आणि त्यांतले बरेचसे जिंकलेलेही असतात. एरवी तो क्रमांक टिकलाच नसता. तेव्हा चॅलेंजर आणि आयटीएफचे आकडे वेगळे काढून द्यावेत. डेव्हिस कपच्या आकड्यातही एक पाहावे. जुन्या पद्धतीत पाच सामन्यांच्या लढतीचा निकाल ३-० असा लागल्यानंतरचे उरलेले सामने औपचारिक असत, बऱ्याचदा तीन सेटचे. त्यातला विजय आणि २-२ अशा बरोबरीतला पाचवा सामना यांना एका मापाने मोजणे योग्य नाही.

याच ओघात दोन बारकावे. पहिल्या फेरीत बाय (न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश) मिळून खेळाडू दुसऱ्या फेरीत हरला, तर 'दुसऱ्या फेरीत धडक' असे लिहू नये; त्याने एकही सामना जिंकलेला नसतो आणि गुणही साधारणपणे पहिल्या फेरीत हरलेल्याचेच मिळतात. तसेच प्रतिस्पर्धी कोर्टवर उतरलाच नाही आणि पुढे चाल मिळाली, तर तो विजय आकड्यात धरत नाहीत; पण सामना सुरू झाल्यावर प्रतिस्पर्ध्याने सोडून दिला, तर तो विजय धरतात. दोन ठिकाणच्या नोंदी जुळत नसल्या की कारण बहुधा इथे सापडते.

आता एक खरी कारकीर्द घेऊ. बेल्जियमचा डिक नॉर्मन. डावखुरा, उंची २.०३ मीटर, जन्म १९७१ चा. आपल्याकडे त्याचे नाव फार थोड्यांना आठवेल. १९९५ च्या विम्बल्डनमध्ये तो पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरला आणि लकी लूजर म्हणून आत आला. पहिल्या फेरीत त्याने १९८७ चा विजेता पॅट कॅश याला हरवले. दुसऱ्या फेरीत १९८८ आणि १९९० चा विजेता स्टीफन एडबर्ग, तोही सरळ तीन सेटमध्ये. तिसऱ्या फेरीत टॉड वूडब्रिज. चौथ्या फेरीत समोर आला बोरिस बेकर, म्हणजे विम्बल्डनचा आणखी एक माजी विजेता, आणि तिथे नॉर्मन थांबला. बेकर त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत गेला होता.

हे कसे घडले याचा काही भाग खेळाच्या रचनेत आहे. गवतावर चेंडू कमी उसळतो आणि वेगाने निसटतो, त्यामुळे उंच खेळाडूची सर्व्हिस परतवायला वेळच मिळत नाही. त्यात डावखुरा असला, तर डाव्या कोर्टातून त्याची वळणारी सर्व्हिस उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकहँडच्या बाजूला कोर्टाबाहेर ओढते. आणि ३०-४०, ४०-३० किंवा ॲडव्हान्टेज हे गुण याच बाजूने खेळले जातात. ब्रेक पॉइंट, म्हणजे सर्व्हिसचा गेम गमावण्याची वेळ आणणारा गुण, वाचवताना डावखुऱ्याला आपली सर्वांत चांगली सर्व्हिस हाताशी असते ती अशी. पण यावर एक सामना जिंकता येतो. सलग तीन जिंकायला, त्यातही एडबर्गसारख्या पुढे येऊन व्हॉली मारणाऱ्याला नमवायला, त्याहून अधिक काही लागते.

या आठवड्यामुळे नॉर्मनचे नाव प्रश्नमंजूषेत राहिले. आमच्या मते त्याची खरी कारकीर्द त्यानंतरची आहे, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. त्याचा एकेरीतला सर्वोच्च क्रमांक ८५, तो त्याने गाठला २००६ मध्ये, म्हणजे वयाच्या ३५ व्या वर्षी, त्या विम्बल्डननंतर ११ वर्षांनी. या वयात बहुतेकांनी रॅकेट खाली ठेवलेली असते. पुढे २००९ मध्ये, ३८ व्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेच्या वेस्ली मूडीबरोबर तो फ्रेंच ओपनच्या दुहेरीत खेळला. उपांत्य फेरीत या जोडीने ब्रायन बंधूंना हरवले. अंतिम सामना आपल्याकडच्या अनेकांनी पाहिला असेल, कारण पलीकडे लिअँडर पेस आणि लुकाश डलूही होते. पहिला सेट नॉर्मन-मूडी यांनी ६-३ असा घेतला. पुढचे दोन पेस-डलूही यांनी ६-३, ६-२ असे जिंकले. पुढच्या वर्षी नॉर्मन दुहेरीच्या क्रमवारीत दहाव्या स्थानावर पोहोचला. 'एडबर्गला हरवणारा लकी लूजर' एवढीच ओळख दिली, तर हे सगळे गळून जाते.

चांगल्या आठवड्याचे गुण किती टिकतात, याचे गणितही वाचकापुढे यायला हवे. २०१६ च्या विम्बल्डनमध्ये ब्रिटनचा मार्कस विलिस ७७२ व्या क्रमांकावर होता. पात्रता फेरीत जागा मिळवण्यासाठीच त्याला आधी प्लेऑफचे तीन सामने जिंकावे लागले, मग पात्रतेचे तीन. मुख्य ड्रॉमध्ये त्याने ५४ व्या क्रमांकाच्या रिचर्डस बेरांकिसला हरवले आणि दुसऱ्या फेरीत सेंटर कोर्टवर रॉजर फेडररकडून ०-६, ३-६, ४-६ असा हरला. त्या वेळच्या पद्धतीने त्याचे गुण झाले पात्रतेचे २५ आणि दुसरी फेरी गाठल्याचे ४५, एकूण ७०. तेव्हा सर्वांत खालच्या, १०,००० डॉलरच्या फ्यूचर्स स्पर्धेच्या विजेत्याला १८ गुण मिळत. म्हणजे ७० च्या पुढे जायला अशा चार स्पर्धा जिंकाव्या लागत, एकेका विजेतेपदाला पाच सामने. वीस सामन्यांची कमाई एका पंधरवड्यात! पण क्रमवारी ५२ आठवड्यांची असते. पुढच्या वर्षी त्याच सुमारास हे ७० गुण गळतात आणि तेवढे पुन्हा मिळवले नाहीत, तर खेळाडू एका सोमवारी शेकडो स्थाने खाली येतो. अशा घसरणीला 'फॉर्म हरवला' म्हणण्याची घाई करू नये. त्या आठवड्यात कोणते गुण उतरले ते आधी तपासावे.

क्रमवारीबाबत आणखी एक. पुरुषांची संगणकीय क्रमवारी ऑगस्ट १९७३ मध्ये सुरू झाली, पण गुण मोजायची रीत तेव्हापासून सारखी बदलत आली आहे. १९९० पूर्वी सरासरी काढत, त्यामुळे जास्त स्पर्धा खेळून लवकर हरणे अंगाशी येई. नव्वदच्या दशकात सर्वोत्तम १४ स्पर्धा धरत. २००९ मध्ये गुण जवळपास दुप्पट झाले. ग्रँड स्लॅम विजेत्याचे १००० होते ते २००० झाले. त्यामुळे दोन काळांतल्या खेळाडूंच्या गुणांची तुलना निरर्थक आहे, क्रमांकाची करता येते. तीही सर्वोच्च क्रमांकावर थांबू नये. सर्वोच्च क्रमांक एखाद्याच आठवड्याचा असू शकतो. त्याशेजारी दर डिसेंबरअखेरचे क्रमांक मांडले की माणूस किती वर्षे त्या पातळीवर टिकला ते लगेच दिसते. एकच मोसम १५० व्या स्थानी असलेला आणि सलग सात वर्षे २०० ते २५० मध्ये राहिलेला, यांत दुसऱ्याची कामगिरी आम्ही कमी मानणार नाही.

'कारकिर्दीतील कमाई' हा आकडा तर सर्वांत दिशाभूल करणारा. त्यात एकेरी-दुहेरी मिळून सगळी बक्षिसे असतात, कर आणि खर्च वजा न करता. आयटीएफच्या एम-१५ या सर्वांत खालच्या पातळीच्या स्पर्धेत एकूण बक्षीस १५,००० डॉलर. त्यातून एकेरीच्या विजेत्याला २,१६० आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला क्रमवारीचा गुण मिळत नाही. एक सामना जिंकला की एक गुण, विजेत्याला १५. आयोजक देश कर तिथेच कापून घेतो. प्रवास, राहणे, जेवण, प्रशिक्षक हा खर्च खेळाडूचा. म्हणूनच असे खेळाडू एकाच भागातल्या तीन-चार आठवड्यांच्या स्पर्धा सलग खेळतात आणि प्रशिक्षक सोबत नेत नाहीत. उलट बाजूही आहे : जर्मनी आणि फ्रान्समधल्या क्लब लीगमध्ये खेळून मिळणारे पैसे या आकड्यात येतच नाहीत, आणि कित्येकांचे वर्ष त्यावर निघते. लीगमध्ये गेलेल्या आठवड्यांत क्रमवारीचे गुण मिळत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्याच्या स्पर्धा अचानक कमी दिसल्या, तर दुखापत गृहीत न धरता हे विचारून पाहावे.

या खर्चात स्ट्रिंगिंगचेच, म्हणजे रॅकेटला तारा लावण्याचेच, घ्या. पॉलिस्टर तारेचे रीळ साधारण २०० मीटरचे, एका रॅकेटला सुमारे १२ मीटर लागतात, म्हणजे एका रिळात १६ रॅकेटा. वरच्या फळीतले खेळाडू दर सामन्याला ताज्या तारा लावून घेतात आणि चेंडू बदलले की रॅकेटही बदलतात. चेंडू पहिल्यांदा सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर बदलतात. खालच्या पातळीवर हे परवडत नाही. तिथले काही जण लहान मशीन सोबत बाळगून स्वतःच तारा लावतात, नाहीतर तुटेपर्यंत त्याच तारांवर खेळतात. पॉलिस्टर लवकर सैल पडते, आणि बरेचदा तुटण्याआधीच मरते. मग नेहमीचाच फटका बेसलाइनच्या बाहेर जाऊ लागतो. खेळाडू हात आखडतो किंवा जास्त जोर लावतो, आणि कोपर-मनगट धरते. समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी हवा विरळ, तिथे चेंडू आणखी उडतो. तारांचा ताण किलो-दीड किलोने वाढवावा लागतो. मालिकेच्या पहिल्या आठवड्यात हरलेला खेळाडू तिसऱ्या आठवड्यात त्याच कोर्टांवर अंतिम फेरीत दिसतो, यामागे पुष्कळदा असलीच जुळवाजुळव असते.

दुखापतीचा काळही निकालांत दिसत नाही, कारण तिथे मोकळी जागाच असते. किमान सहा महिने बाहेर राहिलेल्या खेळाडूला दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या क्रमवारीची सरासरी काढून राखीव क्रमांक मिळतो. त्यावर ठरावीक स्पर्धांत प्रवेश मिळतो, मानांकन मिळत नाही. साहजिकच परतल्यावर पहिल्या-दुसऱ्या फेरीत मोठ्या खेळाडूंशी गाठ पडते आणि ओळीने पराभव दिसू लागतात. हे पराभव मोजताना पीआर ही खूण सोबत छापावी. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेल्याला तर हे संरक्षणही नाही. पाच महिने घोटा धरून बसलेला खेळाडू घसरलेल्या क्रमांकावरूनच पुन्हा सुरू करतो.

दुहेरीला आपल्याकडे पेस-भूपतींमुळे मान आहे, पण कमी प्रसिद्ध खेळाडूंच्या टिपणांतून तीच आधी गाळली जाते. दुहेरीची क्रमवारी स्वतंत्र असते आणि ड्रॉमध्ये प्रवेश दोघांच्या एकत्रित क्रमांकांवर मिळतो. त्यामुळे जोडीदार कोण होता आणि तो किती काळ टिकला, हे कारकिर्दीचे मुख्य अंग आहे. दर आठवड्याला वेगळा जोडीदार दिसला, तर तो खेळाडू स्पर्धेच्या ठिकाणी मिळेल त्याच्यासोबत नाव देत होता असे समजायला हरकत नाही. दोन मोसम एकच जोडीदार असेल, तर त्यांनी दुहेरीकडे ठरवून लक्ष दिले होते.

१९९८ पूर्वीच्या खेळाडूंची अडचण वेगळी आहे. तेव्हा सर्वांत खालची पायरी सॅटेलाइट मालिकांची. काही आठवड्यांच्या स्पर्धा सलग खेळून मालिकेच्या शेवटच्या 'मास्टर्स' स्पर्धेपर्यंत टिकावे लागे, आणि क्रमवारीचे गुण मालिका संपल्यावर एकत्र मिळत. मध्येच पाय मुरगळला आणि मालिका अर्धवट सुटली, की मागच्या आठवड्यांच्या विजयांवरही पाणी सोडावे लागे. १९९८ पासून एकेका आठवड्याच्या फ्यूचर्स स्पर्धा आल्या आणि काही वर्षांत सॅटेलाइट बंद झाल्या. त्या मालिकांचे, विशेषतः ऐंशीच्या दशकातले, निकाल संकेतस्थळांवर फार अपुरे मिळतात. मुख्य ड्रॉचे नाव मिळते तर पात्रता फेरी मिळत नाही, स्कोअर मिळतो तर जोडीदाराचे नाव अर्धे असते, आडनावांची स्पेलिंगे तर तीन-तीन.

हे निकाल आहेत ते वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत, क्रीडा पानाच्या तळाशी बारीक टाइपात. म्हणून दोन विनंत्या. आपल्या संग्रहातल्या त्या पानांचे स्कॅनिंग करताना बारीक टाइपातले निकाल कापले जाऊ नयेत. छायाचित्रे आणि मथळे वाचवण्याच्या नादात तेच आधी जातात. आणि पुढच्या वेळी एखाद्या माजी खेळाडूवर टिपण करायचे ठरेल, तेव्हा बातमीदाराने त्यांना 'सर्वांत संस्मरणीय सामना कोणता' यासोबत एवढे जरूर विचारावे : मुख्य ड्रॉमध्ये किती वेळा पात्रता फेरीतून आलात, कोणत्या वर्षी किती आठवडे बाहेर होतात, दुहेरीचा नेहमीचा जोडीदार कोण, रॅकेटला तारा कोण लावत असे, आणि खेळणे कोणत्या स्पर्धेनंतर थांबवले. पुष्कळांकडे ड्रॉचे जुने कागद अजून जपलेले असतात. ते मागून घ्यावेत आणि नावाशेजारचे अक्षर पाहून मगच फेरी छापावी.

कळावे, लोभ असावा.

आपले,
टेनिसच्या नोंदी ठेवणारे काही वाचक